युद्धकाळातील ऑस्कर पारितोषिके : तांत्रिक कर्तृत्व आणि पुराव्याचा प्रश्न (१९३९ ते १९४६)

दुसऱ्या महायुद्धाच्या अध्यापनात चित्रपटांचा उपयोग साधन म्हणून करण्याची प्रथा आता महाविद्यालयांतून बऱ्यापैकी रुळली आहे. पर्ल हार्बरवरील हल्ला, मिडवेची लढाई, उत्तर आफ्रिकेतील रणसंग्राम हे विषय शिकविताना त्या काळच्या अनुबोधपटांतील दृश्ये वर्गात दाखविली जातात. यांपैकी अनेक अनुबोधपटांना अमेरिकेच्या चित्रपट अकादमीची पारितोषिके, म्हणजे ऑस्कर, मिळालेली आहेत. पारितोषिकाची मोहोर उमटलेली असल्याने ही दृश्ये अस्सल आहेत असे मानण्याकडे शिक्षक व विद्यार्थी या दोघांचाही कल होतो. हा विश्वास कितपत रास्त आहे, हे पाहण्यासाठी त्या वर्षांत अकादमीने कलात्मक व तांत्रिक कर्तृत्वाचा गौरव कोणत्या निकषांवर केला आणि युद्धाने ते निकष कसे बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. युद्धकाळात छायाचित्रणात जे खरोखर नवे घडले त्याचा गौरव अनुबोधपट या सदराखाली झाला, आणि उलट स्टुडिओतील प्रतिकृतींच्या कौशल्याला कधीकधी अनुबोधपट म्हणून मान मिळाला. ही अदलाबदल इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेणे आवश्यक आहे.

संस्था आणि तिचे वर्गीकरण

अकादमीची स्थापना १९२७ साली झाली आणि पहिला पारितोषिक समारंभ १६ मे १९२९ रोजी हॉलिवुडमधील रूझवेल्ट हॉटेलात पार पडला. छायाचित्रण व कलादिग्दर्शन हे वर्ग प्रारंभापासून होते. ध्वनिमुद्रण, संकलन व संगीत यांची भर बोलपटांच्या आगमनानंतर पडत गेली. यांखेरीज शास्त्रीय व तांत्रिक पारितोषिकांची एक स्वतंत्र व्यवस्था तीन श्रेणींत विभागलेली होती. पहिल्या श्रेणीला पुतळा, दुसरीला फलक आणि तिसरीला प्रशस्तिपत्र अशी ती रचना. ज्या यंत्रामुळे किंवा रसायनामुळे सबंध धंद्याची कार्यपद्धती सुधारली, त्याचा गौरव या सदरात होई. वृत्तपत्रांनी या पारितोषिकांकडे फारसे लक्ष दिले नाही, परंतु तंत्राच्या इतिहासाच्या दृष्टीने अभिनेत्यांच्या यादीपेक्षा हीच यादी अधिक बोलकी आहे.

१९३९ च्या चित्रपटांपासून विशेष परिणामांसाठी नियमित वर्ग सुरू झाला. दृश्यपरिणाम व ध्वनिपरिणाम अशा दोन्ही अंगांचा त्यात समावेश असे. त्या वर्षी 'गॉन विथ द विंड' आणि 'द विझर्ड ऑफ ऑझ' असे बलाढ्य स्पर्धक असताना पारितोषिक मिळाले ते 'द रेन्स केम' या चित्रपटाला, म्हणजे फ्रेड सर्सन आणि ई. एच. हॅन्सन यांना. भारतीय वाचकाला या निकालात वेगळे स्वारस्य वाटेल, कारण चित्रपटाची कथा 'रांचीपूर' नावाच्या कल्पित हिंदी संस्थानात घडते. मूळ कादंबरीकार लुई ब्रॉमफील्ड यांना हे संस्थान बडोद्यावरून सुचले असे सांगितले जाते. मुसळधार पाऊस, भूकंप, फुटलेले धरण आणि वाहून जाणारी वस्ती हे सारे कॅलिफोर्नियातील स्टुडिओत उभे करण्यात आले होते. योगायोग असा की, अवघ्या दोन वर्षांनी, १९४१ साली, पुण्याच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'शेजारी' पडद्यावर आणला, आणि त्याचाही शेवट धरण फुटण्याच्या प्रसंगाने होतो. साधनसामग्रीची तुलना करण्यात अर्थ नाही. तथापि अशा कारागिरीची नोंद घेणारी शासकीय व्यवस्था हिंदुस्थानात तेव्हा नव्हती. केंद्र सरकारची चित्रपट पारितोषिके १९५४ साली सुरू झाली आणि पहिले सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळाले.

युद्धाची चाहूल आणि समारंभाचे बदललेले रूप

अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच अकादमी युद्धकार्यात गुंतली होती. २७ फेब्रुवारी १९४१ रोजी बिल्टमोर हॉटेलातील समारंभात अध्यक्ष रूझवेल्ट यांचे भाषण नभोवाणीवरून ऐकविण्यात आले. त्याच रात्री ध्वनितंत्रज्ञ कर्नल नेथन लेव्हिन्सन यांना विशेष पारितोषिक देण्यात आले, ते लष्करी प्रशिक्षणपटांच्या निर्मितीसाठी चित्रपटधंद्याची साधने सज्ज करण्याच्या नऊ वर्षांच्या सेवेबद्दल. या प्रशिक्षणपटांच्या कामाचे वाटप अकादमीच्याच संशोधन मंडळामार्फत होत असे. मंडळाचे प्रमुख डॅरिल झॅनक हे एका मोठ्या स्टुडिओचे सूत्रधारही होते आणि पुढे लष्करात अधिकारीही झाले. काम देणारा, काम घेणारा आणि कामाचा गौरव करणारा यांच्यातील अंतर इतके कमी असणे अमेरिकेतही खटकले. १९४३ साली सिनेटर ट्रूमन यांच्या समितीने या व्यवहाराची चौकशी केली.

त्याच १९४१ च्या समारंभात 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटाने रंगीत छायाचित्रण, रंगीत कलादिग्दर्शन आणि विशेष परिणाम अशी तीन पारितोषिके मिळविली. चित्रपटाचा आरंभ इंग्लंडमधील डेनम स्टुडिओत झाला होता. युद्ध सुरू झाल्यामुळे तो अमेरिकेत नेऊन पूर्ण करावा लागला. त्यातील प्रमुख भूमिका करणारा साबू हा म्हैसूरजवळच्या कारापूर येथे माहुताच्या घरी जन्मलेला मुलगा. १९४४ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि तेथील हवाई दलात बॉम्बफेकी विमानावर तोफची म्हणून लढला. त्याच्या शौर्याबद्दल त्याला 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे पदक मिळाले. पडद्यावर गालिच्यावरून उडणाऱ्या या मुलाला प्रत्यक्षातील उड्डाणासाठी मिळालेला हा सन्मान भारतीय चित्रपटेतिहासात अभावानेच नोंदला जातो.

पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ रोजी हल्ला झाला आणि पुढील समारंभ घ्यावा की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. नवनिर्वाचित अध्यक्षा बेटी डेव्हिस यांनी मेजवानी रद्द करून सोहळा नाट्यगृहात घ्यावा, तिकिटे जनतेला विकावीत आणि उत्पन्न युद्धसाहाय्यास द्यावे, असे सुचविले. कार्यकारी मंडळाला ते रुचले नाही व त्यांनी पदत्याग केला. अखेर २६ फेब्रुवारी १९४२ रोजी समारंभ झाला तो 'मेजवानी' हा शब्द टाळून, साध्या भोजनाच्या नावाखाली; उंची पोशाख न करण्याची सूचना होती. मात्र डेव्हिसबाईंची सूचना दोनच वर्षांत वेगळ्या रूपाने स्वीकारली गेली. २ मार्च १९४४ चा समारंभ ग्रॉमन यांच्या चायनीज थिएटरात झाला आणि गणवेशातील सैनिकांना मोफत प्रवेश देण्यात आला. दरम्यान १९४३ च्या समारंभात टायरोन पॉवर आणि ॲलन लॅड या गणवेशधारी नटांनी, सैन्यात दाखल झालेल्या सत्तावीस हजारांहून अधिक चित्रपट कर्मचाऱ्यांची नावे असलेला ध्वज उलगडला. धातूची टंचाई असल्याने युद्धकाळात तीन वर्षे पुतळे प्लास्टरचे बनवून त्यांवर सोनेरी रंग देण्यात आला. युद्ध संपल्यावर विजेत्यांना ते बदलून देण्यात आले.

टंचाईतील कारागिरी

टंचाई पुतळ्यांपुरती मर्यादित नव्हती. युद्ध उत्पादन मंडळाने १९४२ साली एका चित्रपटाच्या नेपथ्यासाठी लागणाऱ्या नव्या साहित्यावर पाच हजार डॉलरची मर्यादा घातली. लाकूड, खिळे, कापड, रंग हे सारे मोजून वापरावे लागले. कच्च्या फिल्मवरही नियंत्रण आले. जुने सेट मोडून त्याच्या फळ्या पुन्हा वापरणे हे एरवी गरीब निर्मात्याचे लक्षण. ते आता सर्वांनाच करावे लागले. १९४३ च्या रंगीत कलादिग्दर्शनाचे पारितोषिक युनिव्हर्सल कंपनीच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'ला मिळाले. त्यातील भव्य नाट्यगृहाचा अंतर्भाग याच कथेवरील मूकपटासाठी १९२५ साली बांधलेला होता व तो त्याच स्टुडिओत उभा होता. अठरा वर्षांपूर्वीच्या सुतारकामाला असा मान मिळणे हा त्या काळाचाच महिमा म्हणावा लागेल.

याच्या उलट उदाहरण 'कॅसाब्लांका'चे. या चित्रपटाला आठ नामांकने होती. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा ही तीन पारितोषिके मिळाली. विमानतळावरचा त्याचा अखेरचा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यातील विमान म्हणजे स्टुडिओत ठेवलेली लहान आकाराची प्रतिकृती होती आणि तिचे खोटेपण धुक्याने झाकले होते. ते धुके आज काव्यात्म म्हणून वाखाणले जाते. परंतु कलादिग्दर्शन वा विशेष परिणाम या वर्गांत या चित्रपटाला नामांकनसुद्धा नव्हते. जे कौशल्य स्वतःला लपविते ते परीक्षकांच्याही नजरेतून सुटते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. प्रेक्षकाला थक्क करणाऱ्या लाटा, स्फोट आणि बुडणारी जहाजे मात्र दरवर्षी गौरविली गेली. १९४२ चे विशेष परिणामांचे पारितोषिक 'रीप द वाइल्ड विंड'ला, १९४३ चे पाणबुडीवरील 'क्रॅश डाइव्ह'ला आणि १९४४ चे टोकियोवरील अमेरिकी हवाई हल्ल्याची कथा सांगणाऱ्या 'थर्टी सेकंड्स ओव्हर टोकियो'ला मिळाले. यांपैकी शेवटचे दोन चित्रपट थेट चालू युद्धावरील होते. स्टुडिओतील तंत्रज्ञ रणांगणाची दृश्ये किती हुबेहूब उभी करू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले होते. पुढे येणाऱ्या प्रश्नाची बीजे याच कौशल्यात आहेत.

सोळा मिलिमीटरचा कॅमेरा

अनुबोधपटांसाठी पारितोषिक १९४१ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिला मान कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या 'चर्चिल्स आयलंड'ला मिळाला. त्याच समारंभात दोन विशेष पारितोषिके देण्यात आली. एक ब्रिटिश माहिती मंत्रालयाच्या 'टार्गेट फॉर टुनाइट'ला आणि दुसरे रे स्कॉट यांना, 'कूकान' या चित्रपटाबद्दल. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनचे, त्यात चुंगकिंगवरील बॉम्बवर्षावाचे, चित्रण स्कॉट यांनी सोळा मिलिमीटरच्या लहान कॅमेऱ्याने केले होते. अकादमीच्या गौरवपत्रात या कॅमेऱ्याचा व ज्या धोकादायक परिस्थितीत तो वापरला गेला तिचा आवर्जून उल्लेख आहे. एरवी हौशी माणसांचे खेळणे मानले गेलेले हे यंत्र अकादमीच्या व्यासपीठावर प्रथमच असे मानाने आले. ज्यांच्या पुढाकाराने हा चित्रपट तयार झाला त्या हवाईमधील चिनी वंशाच्या ली लिंग-आय यांचे नाव मात्र 'तांत्रिक सल्लागार' एवढ्याच उल्लेखापुरते उरले. पुढे चित्रपटच नाहीसा झाला. अनेक दशके हरवलेला मानल्या गेलेल्या या चित्रपटाची खराब झालेली, पण संपूर्ण प्रत २००९ साली हाती लागली. पारितोषिक मिळाल्याने चित्रपट जतन होतोच असे नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पुढच्या वर्षी अनुबोधपटांच्या वर्गात पंचवीस नामांकने आली आणि चार विजेते घोषित झाले. अमेरिकी नौदलाचा 'द बॅटल ऑफ मिडवे', अमेरिकी लष्करासाठी फ्रँक काप्रा यांनी केलेला 'प्रिल्यूड टु वॉर', ऑस्ट्रेलियाच्या सरकारी माहिती विभागाचा 'कोकोडा फ्रंट लाइन' आणि रशियन छायाचित्रकारांच्या चित्रणावर आधारलेला 'मॉस्को स्ट्राइक्स बॅक' हे ते चार. चारही विजयांमागे सरकारे उभी होती. अकादमीच्या स्पर्धेत राज्यसंस्था निर्माता म्हणून दाखल झाली, ही गोष्ट लहान नाही. हिंदुस्थानातही १९४३ साली 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही सरकारी शाखा निघाली आणि भारत संरक्षण नियमांन्वये तिचे लघुपट दाखविणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले. येथे सक्ती होती, तेथे स्पर्धा होती. दोन्हीकडे पडदा सरकारने व्यापला.

'कोकोडा फ्रंट लाइन'चे चित्रण डेमियन पॅरर यांनी न्यू गिनीच्या जंगलात सैनिकांबरोबर चालून केले. ऑस्ट्रेलियाला मिळालेले हे पहिले ऑस्कर. पॅरर १९४४ साली पेलेलिऊ बेटावर चित्रण करीत असताना मारले गेले. 'द बॅटल ऑफ मिडवे'चे दिग्दर्शक जॉन फोर्ड हे जून १९४२ मध्ये मिडवे बेटावर सोळा मिलिमीटरचा कॅमेरा व रंगीत फिल्म घेऊन हजर होते आणि चित्रण करताना जखमी झाले. स्फोटाच्या हादऱ्याने कॅमेऱ्यातील फिल्म जागेवरून सरकली व पडद्यावरील चौकट उडाली. संकलनात अशी चित्रे एरवी टाकून दिली जातात. फोर्ड यांनी ती राखली. ते चित्रण मोठ्या फिल्मवर वाढवून देशभर दाखविले गेले. प्रतिमेचा दोष हाच प्रत्यक्ष उपस्थितीचा पुरावा होऊ शकतो, ही जाणीव व्यावसायिक चित्रपटाला येथून मिळाली असे म्हणता येईल. पुढील काळातील वार्तापट व युद्धपट या दोहोंवर तिचा परिणाम दिसतो.

आता त्याच रात्रीचा दुसरा निकाल पाहावा. रंगीत छायाचित्रणाचे पारितोषिक 'द ब्लॅक स्वान' या चाचेगिरीच्या कथेला मिळाले. लिऑन शॅमरॉय यांचे काम उत्कृष्ट होते यात शंका नाही. पण कॅमेरा हातात धरून, रंगीत फिल्मवर, गोळीबारात चित्रण करण्याची जी नवी रीत होती, ती छायाचित्रण या वर्गाच्या कक्षेबाहेर राहिली. १९४४ च्या 'द फायटिंग लेडी'च्या बाबतीतही तेच झाले. विमानवाहू जहाजावरील जीवनाचा हा रंगीत आलेख सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर टिपलेला होता आणि त्याला अनुबोधपटाचे पारितोषिक मिळाले. अकादमीने रणभूमीवरच्या छायाचित्रकारांचा गौरव केला तो त्यांच्या विषयाबद्दल. त्यांच्या तंत्राची दखल तिच्या वर्गीकरणात बसली नाही.

'डिसेंबर सेव्हन्थ' : प्रतिकृती की पुरावा?

या अदलाबदलीची दुसरी बाजू १९४४ च्या समारंभात दिसते. त्या वर्षी अनुबोधपटांचे दीर्घ व लघु असे दोन वर्ग करण्यात आले. लघु वर्गातील विजेता होता अमेरिकी नौदलासाठी फोर्ड यांच्या पथकाने केलेला 'डिसेंबर सेव्हन्थ'. त्याचे काम मुख्यतः ग्रेग टोलंड यांच्याकडे होते. 'सिटिझन केन'चे छायाचित्रकार म्हणून जगभर ख्यातकीर्त असलेले हेच ते टोलंड. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा तेथे चित्रण करणारे कॅमेरे फारच थोडे होते. त्यामुळे टोलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्ल्याची बरीच दृश्ये जहाजांच्या व विमानांच्या प्रतिकृती वापरून आणि पडद्यामागून प्रक्षेपित केलेल्या पार्श्वभूमीपुढे नटांना उभे करून नव्याने रचली. मूळ चित्रपट ऐंशी मिनिटांहून अधिक लांबीचा होता. नौदलाची बेसावधता त्यातून उघड होते, हे अधिकाऱ्यांना मान्य झाले नाही. तो दडपण्यात आला आणि कापून सुमारे अर्ध्या तासाचा करण्यात आला. पारितोषिक मिळाले ते या कापलेल्या आवृत्तीला.

येथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली सेन्सॉरची. जो भाग राज्यसंस्थेला अडचणीचा होता तो गाळल्यावर उरलेल्या भागावर अकादमीने मोहोर उठविली. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी आहे. पुनर्रचित दृश्ये इतकी सफाईदार होती की पुढे कित्येक वार्तापटांत, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत आणि अनुबोधपटांत ती हल्ल्याची प्रत्यक्ष दृश्ये म्हणून वापरली गेली. त्याच रात्री विशेष परिणामांचे पारितोषिक 'क्रॅश डाइव्ह'ला मिळाले होते. दोन्ही चित्रपटांत प्रतिकृती, पाणी, धूर व स्फोट यांचेच तंत्र आहे. एकात ते परिणाम म्हणून ओळखले गेले, दुसऱ्यात ते वास्तव म्हणून स्वीकारले गेले. फरक कौशल्याचा नव्हता. तो फक्त सदराच्या नावाचा होता.

टोलंड अथवा फोर्ड यांच्यावर फसवणुकीचा आरोप करणे अनुचित ठरेल. पुनर्रचना ही त्या काळच्या अनुबोधपटाची मान्य पद्धती होती. दीर्घ वर्गातील विजेता 'डेझर्ट व्हिक्टरी' हा ब्रिटिश चित्रपट एल अलामीनच्या विजयाचे मोलाचे साधन आहे. तथापि त्यातील रात्रीच्या चढाईची काही दृश्ये पाइनवुड स्टुडिओत घेतलेली होती. 'टार्गेट फॉर टुनाइट'मध्येही हवाई दलाचे खरे कर्मचारी रचलेल्या प्रसंगांत वावरतात. समकालीन प्रेक्षकाला हे बहुधा आक्षेपार्ह वाटले नसते. आक्षेप येतो तो नंतरच्या वापराला, जेव्हा चित्र त्याच्या संदर्भापासून सुटते आणि केवळ 'युद्धकालीन दृश्य' एवढ्या ओळखीने फिरू लागते.

दुसऱ्या टोकाला 'विथ द मरीन्स ॲट तरावा' हा १९४४ चा लघुपट आहे. नोव्हेंबर १९४३ मध्ये तरावा बेटावर झालेल्या लढाईचे चित्रण मरीन दलाच्या छायाचित्रकारांनी सैनिकांबरोबर उतरून केले. पाण्यात तरंगणारी अमेरिकी सैनिकांची प्रेते त्यात दिसत होती. असे दृश्य जनतेला दाखवावे की नाही, याचा निर्णय अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला व त्यांनी परवानगी दिली. 'डिसेंबर सेव्हन्थ' आणि 'तरावा' ही लागोपाठच्या दोन वर्षांची, एकाच वर्गातील पारितोषिके. विजेत्यांच्या यादीत ती एकाखाली एक छापलेली असतात. इतिहासाचे साधन म्हणून त्यांची किंमत एक नाही, हे यादी सांगत नाही. वर्गात दृश्य दाखविणाऱ्या शिक्षकाने कॅमेरा कोठे होता, तो कोणाच्या हातात होता आणि चित्रण नेमके केव्हा झाले, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बराच घोटाळा टळेल.

युद्धानंतर

१९४५ च्या चित्रपटांसाठी दीर्घ अनुबोधपटाचे पारितोषिक ब्रिटन व अमेरिका यांच्या सरकारांनी संयुक्तपणे केलेल्या 'द ट्रू ग्लोरी'ला मिळाले. विशेष परिणामांचे पारितोषिक मात्र 'वंडर मॅन' या भुताच्या विनोदी कथेकडे गेले. चालू युद्धावरील चित्रपटांना दोन वर्षे मिळालेल्या या मानाकडे स्टुडिओतील कारागिरीने पाठ फिरविली होती.

१३ मार्च १९४७ च्या समारंभात 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्‌ज' हा परतलेल्या सैनिकांवरील चित्रपट सर्वश्रेष्ठ ठरला. त्याचे दिग्दर्शक विल्यम वायलर यांना १९४३ साली 'मिसेस मिनिव्हर'साठी ऑस्कर मिळाले, तेव्हा ते सैन्यात होते व त्यांच्या पत्नीने ते स्वीकारले होते. युद्धात विमानातून चित्रण करताना त्यांच्या श्रवणशक्तीवर कायमचा आघात झाला. चित्रपटातील दोन्ही हात गमावलेल्या नाविकाची भूमिका हॅरॉल्ड रसेल यांनी केली. ते व्यावसायिक नट नव्हते. १९४४ साली प्रशिक्षणात स्फोटकांच्या अपघातात त्यांचे हात गेले होते आणि लष्कराने जखमी सैनिकांसाठी काढलेल्या एका लघुपटात वायलर यांनी त्यांना पाहिले होते. एकाच भूमिकेबद्दल त्यांना दोन ऑस्कर मिळाली : एक साहाय्यक अभिनेता म्हणून आणि दुसरे, माजी सैनिकांना धीर दिल्याबद्दल, विशेष पारितोषिक म्हणून. या चित्रपटाचे छायाचित्रकार होते ग्रेग टोलंड. लाकडी जहाजे जाळून पर्ल हार्बर उभे करणाऱ्या त्याच माणसाने येथे रसेल यांचे लोखंडी आकडे, त्यांनी धरलेला पेला व पियानोवरची त्यांची हालचाल कोणत्याही परिणामाचा आधार न घेता चित्रित केली. छायाचित्रणाच्या वर्गात त्या वर्षी या चित्रपटाला नामांकन मिळाले नाही.